कर्मचारी हजर

"विषय : संगणक चालू ठेवून त्यातील कार्ड बदलणेबाबत. संदर्भ : शनिवार, दिनांक २० मार्च २००४ ची रात्र. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की..."

एवढं बोलून रूपराव थांबले. गच्चीवर महोदय दोनच होते : नात आचल आणि तिचा धाकटा भाऊ धीरज. २००९ चा मे महिना. सिंदी मेघेतले दिवे साडेनऊला गेले होते आणि वेळापत्रकाप्रमाणे साडेअकराला यायचे होते. रूपरावांचा वेळापत्रकांवर विश्वास नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी ती स्वतः तयार केली होती. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावरही ते कोणतीही गोष्ट टिपणीसारखी मांडत. विषय आणि संदर्भ नसला तर घडलेली गोष्टसुद्धा घडली असं धरता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

"आबाजी, भुताची सांगतो म्हनलं होतं तुमी," धीरज म्हणाला. "हे तं कॉम्प्युटरचं हाय."

"भूत विषयात लिवत नसते बाप्पा. ते सहपत्रात असते. चूप आयक."

"खरी हाय का पन?" आचलने विचारलं. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कशावरही चटकन विश्वास ठेवत नव्हती.

"हेमराजची हाय. आर्वी नाक्यावर मोबाइल रिचार्जचं दुकान हाय ना, तो. त्याच्यासंगं घडली."

"कोणत्या ऑफिसात?"

"ते नाई सांगत. पेन्शन अजून तिथूनच येते."

तर हेमराज. तेव्हा वय सत्तावीस, हुद्दा कंत्राटी संगणक चालक. कंत्राट अकरा महिन्यांचं असे. बाराव्या महिन्यात माणूस कायम होण्याचा धोका असतो, म्हणून तेवढे दिवस त्याला घरी बसवून पुन्हा नव्याने शोधून काढत. काम मात्र चोख. ते त्याला शिकवलं होतं नानाजींनी.

नानाजी त्या कार्यालयातले जुने लिपिक. १९९९ साली कार्यालयात कपाटाएवढं एक मशीन आलं. नारळ फोडून ते काचेच्या खोलीत बसवलं आणि त्याला एसी लावला. साहेबांच्या खोलीत तेव्हा पंखाच होता. आठही तालुक्यांतल्या कर्मचाऱ्यांची नोकरी त्या मशीनमध्ये होती. कोण कधी लागला, किती रजा घेतल्या, कधी निवृत्त झाला, कधी मेला. मशीन आल्यावर सगळ्यांनी एक पाऊल मागे घेतलं, नानाजी जागेवरच उभे राहिले, त्यामुळे ते त्यांच्याकडे आलं. त्यांनी पुस्तकं आणून रात्री जागून स्वतःच हजेरीचा प्रोग्राम लिहिला. नियम साधा : ज्याचं लॉगिन उघडं, तो हजर.

११ ऑक्टोबर २००३, शनिवारी रात्री नानाजी त्या काचेच्या खोलीत, सात नंबरच्या टर्मिनलसमोर बसल्या जागी गेले. हृदय बंद पडलं. सकाळी चौकीदार बंडूजीने दार उघडलं तेव्हा एसी चालू होता, मशीन चालू होतं आणि नानाजींचं लॉगिनही उघडं होतं.

तेरवी झाल्यावर कार्यालयाने नानाजींचा चार्ज घेतला. रीतसर यादी केली. लोखंडी खुर्च्या दोन, टेबलपंखा एक, माठ एक, फुटका. पासवर्डचा रकाना त्या नमुन्यात नव्हता, म्हणून पासवर्ड कोणी मागितला नाही. आणि मागायचा तरी कोणाकडे. पुढे लक्षात आलं की हे मशीन एकदा बंद झालं तर पुन्हा सुरू होताना पासवर्ड विचारतं, आणि तो एकट्या नानाजींना ठाऊक होता. कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीने कळवलं की मशीनची नोंदणी नानाजींच्या नावावर आहे, तरी पत्रावर त्यांची सही घेऊन पाठवावं. तेव्हापासून मशीनला कोणी बंद होऊ दिलं नाही. जनरेटरला एक माणूस कायमचा नेमला. आणि उघडं लॉगिन बंद करण्याचा अधिकारही नानाजींनाच होता, त्यामुळे तेही उघडंच राहिलं. रोज सकाळी दहाला मशीन आपलं आपण नानाजींची हजेरी लावे. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. एक खाडा नाही.

यात अडकली आकांक्षा. नानाजींची एकुलती मुलगी, बी.कॉम. झालेली. बापाच्या जागेवर अनुकंपा तत्त्वावर घ्यावं म्हणून तिने अर्ज केला. सोबत मृत्यूचा दाखला, आई लीलाबाईंनी लॅमिनेशन करून आणलेला. अर्ज तीनदा परत आला. शेरा तिन्ही वेळा एकच : "संगणकीय नोंदीनुसार कर्मचारी हजर. मृत्यूची नोंद घेता येत नाही." त्या वर्षीची यादी ३१ मार्चला बंद होणार होती. जागा दोन होत्या. त्यानंतरची यादी कधी निघेल हे कोणी सांगू शकत नव्हतं, कारण ते सांगण्याचं काम कोणाकडेच नव्हतं.

होळीच्या सुमारास मशीनमधलं एक कार्ड बिघडलं. मशीनमधून डिस्कच्या पेटीकडे जाणारे रस्ते दोन, प्रत्येक रस्त्याला एक कार्ड. एक दगा देऊ लागलं की बराचसा भार दुसऱ्यावर. मशीन मधूनच अडखळायचं, लाल दिवा लागायचा. नागपूरच्या इंजिनिअरने नवं कार्ड एस.टी.ने पाठवलं आणि म्हणाला, बदलताना मशीन बंद करायची गरज नाही, फोनवर सांगतो, तू कर. त्यासाठी एका रात्रीपुरता एक अधिकाराचा आकडा देतो, सकाळी आठला तो आपोआप रद्द होईल.

हेमराज कोणाला काही बोलला नाही. पण त्याने मनात हिशेब केला. त्या आकड्याने दोन गोष्टी होणार होत्या. कार्ड बदलता येणार होतं. आणि नानाजींचं लॉगिन बंद करता येणार होतं.

रविवारी पाडवा होता. शनिवारी संध्याकाळी साडेसातला हेमराज बस स्टँडवर गेला आणि कंडक्टरकडून पाकीट घेतलं. रस्त्यावर साखरेच्या गाठ्यांची दुकानं लागली होती. आकांक्षा सायकल धरून कार्यालयाच्या फाटकाशी उभी होती.

"हेमराजदादा, होईन का आज?"

"होते. एका बटनाचं काम हाय."

"पाच महिने झाले, ते बटन कोणालेच सापडून नाई राह्यलं."

"आज माह्याकडं हाय. रातभर."

तिने सायकल स्टँडवर लावली. मग म्हणाली, "आई रोज संध्याकाळी एक भाकर जास्त टाकते. मी म्हनलं, काऊन टाकतं? तं म्हनते, सरकारी कागदावर हजर हायेत, घरी आले तं काय वाढू."

"सकाळी येजो," तो म्हणाला. "दहाला येजो."

"तव्हा अमावास्या होती ना आबाजी? पाडव्याच्या आदल्या दिवशी," धीरजने मध्येच विचारलं.

"होती. पन अमावास्येची सुटी नसते, म्हनून रेकॉर्डवर नाई."

रात्री पावणेअकराला आठही तालुक्यांच्या लाइनी शांत झाल्या. हेमराज एक नंबरच्या टर्मिनलवर बसला. काचेच्या खोलीत टेबलं सात, चालू टर्मिनलं सहा. सातव्या टेबलावर काही नव्हतं. सात नंबरचं टर्मिनल जानेवारीत निर्लेखित करून मागच्या स्टोअरमध्ये टाकलं होतं. साहेब म्हणाले होते, अपशकुनी आहे. कागदावर लिहिलं, कालबाह्य आहे. त्याची वायर कोपऱ्यात गुंडाळून ठेवली होती, टोकाला काळी टेप.

इंजिनिअर फोनवर सावकाश सांगत होता. "पहिले मशीनला विचारायचं, हे कार्ड काढलं तर कोणाचं काम अडतं. ते यादी देईल. यादी रिकामी होईपर्यंत कार्डाला हात लावू नका. मग भार दुसऱ्या कार्डावर टाकायचा, कार्ड बसतं त्या खाचेची वीज तोडायची. खाचेवरचा हिरवा दिवा विझला की मगच ओढायचं. दिवा चालू असताना ओढलं तर मशीन बसलं समजा."

"आन बसलं तं?"

"मग उठवायला तुमचे नानाजी लागतील." इंजिनिअर हसला. "ठीक आहे, करा. मी जागा आहे."

हेमराजने विचारलं. यादी आली. एकच ओळ.

वापरणारा : नानाजी. टर्मिनल : ७. सुरू : ११ ऑक्टोबर २००३.

हे त्याला अपेक्षितच होतं. त्याने आकडा घातला आणि लॉगिन बंद करण्याची आज्ञा दिली. पडद्यावर दोन शब्द आले : "बंद झाले." पाच महिने, तीन शेरे, एका बाईच्या रोजच्या भाकरी, आणि काम दोन शब्दांचं. हेमराजला उगाच वाईट वाटलं. रिवाज म्हणून त्याने पुन्हा यादी मागितली.

वापरणारा : नानाजी. टर्मिनल : ७. सुरू : आज, ११.२४.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा चोवीस.

"पासवर्ड कोणाकडं तरी असंन त्यायचा," आचल म्हणाली. "आठ तालुक्यांतून कोणीबी बसू शकते. आन टर्मिनलचा नंबर तं बदलता येते."

"हेमराजलेबी तेच वाटलं," रूपराव म्हणाले. "चांगली इंजिनिअर होशीन तू."

त्याने तालुक्यांच्या लाइनी एकेक करून तोडल्या. आठही. आता बाहेरून कोणी येऊ शकत नव्हतं. पुन्हा बंद केलं. बंद झाले. पुन्हा यादी. नानाजी, टर्मिनल सात, ११.४०. तिसऱ्यांदा बंद केलं. नानाजी, टर्मिनल सात, ११.४१.

चौथ्यांदा त्याने केलं नाही. उठला आणि बंडूजीला हाक मारली.

बंडूजी पायरीवर चादर पांघरून बसला होता. "स्टोअरची चाबी? आता?" त्याने विचारलं, पण चाबी त्याच्या हातातच होती.

"सात नंबरचं टर्मिनल पाहाचं हाय."

"पाहा ना जी. मी दार खोलतो, आत नाई येत."

"काऊन?"

"ड्यूटी दारापर्यंतच हाय." थोडं चालल्यावर बंडूजी म्हणाला, "शनवारी मी इकडं नाई येत. टकटक आयकू येते."

"कोणाले सांगितलं काऊन नाई?"

"कोणाले सांगू? तुमी लोकं म्हनान लिहून दे. मले लिवता येते का?"

स्टोअर इमारतीच्या मागे होतं. मोडक्या खुर्च्या, फायलींचे गठ्ठे, त्यावर दोन बोटं धूळ. टॉर्चच्या उजेडात सात नंबर दिसलं. भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. मागे वायर नाही, खोलीत वीज नाही. हेमराजने ते दोन्ही हातांनी फिरवलं. पडद्यावर धुळीचा थर होता. त्यावर त्याच्या बोटांच्या रेघा उठल्या.

कीबोर्डच्या कडेला धूळ होती. कळांवर नव्हती. एकाही नाही. कळा पुसल्यासारख्या... नाही, रोजच्या वापराने असतात तशा स्वच्छ होत्या.

"तुमी झाडलं हे?" त्याने दाराकडे वळून विचारलं.

"झाडाचं काम माह्याकडं नाई जी," बंडूजी बाहेरूनच म्हणाला.

हेमराज परत आला तेव्हा पाऊण वाजला होता. लाल दिवे दोन झाले होते. दुसरं कार्डही भाराने तापत होतं. तेही गेलं तर मशीन बसणार. मशीन बसलं तर आठ तालुक्यांच्या नोंदी आत आणि सगळे बाहेर. आणि आकांक्षाच्या अर्जावर मग शेराही मारता येणार नाही, कारण शेरा मारायला नोंदच उरणार नाही. त्याने नागपूरला फोन लावला.

"यादी रिकामी होऊन नाई राह्यली."

"कोण आहे आत?"

"नानाजी."

"अहो मग त्यांनाच सांगा ना. दोन मिनिटं उठा म्हणावं. समोरच बसले असतील."

कंपनीला कार्यालयाने नानाजी गेल्याचं कळवलंच नव्हतं. पत्राचा मसुदा झाला होता. सहीला ठेवला होता.

"सर," हेमराज म्हणाला, "हे कार्ड कोणं मागवलं?"

"म्हणजे? नानाजींनीच. मागच्या शनिवारी रात्री फोन आला त्यांचा. कार्ड जातंय म्हणाले, लवकर पाठवा. आवाज लांबून येत होता, पण म्हटलं लाइन खराब असेल." इंजिनिअर थांबला. "काय झालं? हॅलो?"

हेमराजने फोन ठेवला.

गच्चीवर धीरज आचलच्या जवळ सरकला होता. रूपरावांनी सुपारी कातरली, पण तोंडात टाकली नाही.

हेमराज काय करू शकत होता? घरी जाऊ शकत होता. पहाटेपर्यंत दुसरं कार्ड जळालं असतं. डोळे मिटून कार्ड ओढू शकत होता. मशीन तिथंच बसलं असतं. साहेबांना फोन करू शकत होता. साहेब पाडव्याला गावी गेले होते, तळेगावला, आणि निघताना सांगून गेले होते की लेखी असेल तेवढंच सांगा. तो बसून राहिला. एसीचा आवाज. घड्याळाचा आवाज. दीड वाजला. दोन वाजले. लाल दिवा मिटायचा, लागायचा...

शेवटी तो कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलाकडे वळला. मोठ्याने बोलायची लाज वाटली, म्हणून हळू बोलला.

"नानाजी."

काही नाही.

"नानाजी, मी हेमराज. कार्ड आलं. तुमीच मागवलं म्हनते तो. बदलू द्या जी. दोन मिनिटं उठा..."

एसी बंद पडला.

खोली एकदम शांत झाली. इतकी, की मशीनच्या आतला पंखा ऐकू येऊ लागला. आणि त्याखाली, कुठून तरी... टक. टक-टक. टक.

मग तेही थांबलं.

हेमराजने यादी मागितली. यादी रिकामी होती.

त्याने भार दुसऱ्या कार्डावर टाकला. वीज तोडण्याची आज्ञा लिहायला बोटं कळांवर ठेवली. खाचेवरचा हिरवा दिवा विझला. आज्ञा त्याने अजून लिहिली नव्हती.

हात नानाजींनीच शिकवलेले होते. मनगटाला अंगातली वीज जमिनीत उतरवणारा पट्टा. अंगठा कडेवर. सरळ ओढायचं, तिरपं नाही. जुनं कार्ड निघालं. नवं बसलं. वीज आली. हिरवा दिवा लागला. दोन्ही लाल दिवे विझले. एसी सुरू झाला. मशीन एक क्षणही थांबलं नव्हतं. तीन वाजून पाच मिनिटं.

यादी अजून रिकामी होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या मशीनवर नानाजी हजर नव्हते.

हेमराजने घाईने मृत्यूच्या नोंदीचा तक्ता उघडला. नाव. हुद्दा. मृत्यूचा दिनांक : ११-१०-२००३. मशीनने घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटचा रकाना उरला होता.

कार्यमुक्ती आदेश क्रमांक :

तक्ता नानाजींनीच केलेला. आदेशाशिवाय कोणालाही कमी करता येऊ नये, म्हणून त्यांनी हा रकाना सक्तीचा ठेवला होता. त्या काळी साहेब लोक तोंडी हुकमाने माणसं काढत. नानाजींनी त्यावर हा इलाज केला होता. पण मेलेल्या माणसाचा कार्यमुक्ती आदेश कोण काढतं? हेमराजने शून्य टाकलं. "आदेश आढळला नाही." एक टाकला. "आदेश आढळला नाही." मृत्यूच्या दाखल्याचा क्रमांक टाकला.

"आदेश आढळला नाही. आदेश कर्मचाऱ्याच्या अर्जावर निघतो."

अशी ओळ त्या प्रोग्राममध्ये आहे हे हेमराजला ठाऊक नव्हतं. त्याने तो प्रोग्राम पाठ केलेला होता.

पाठीला गार वाटलं. त्याने यादी मागितली.

वापरणारा : नानाजी. सुरू : आज, ३.११. टर्मिनल : १.

एक नंबरवर तो स्वतः बसला होता.

त्याने दोन्ही हात कळांवरून उचलले. मांडीवर ठेवले.

कळा खाली-वर होत होत्या.

एकेक. सावकाश. नानाजी दोन बोटांनीच टाइप करत...

त्याला उठायचं होतं. उठता येईना. खुर्चीत त्याच्यापुढे जागा नव्हती... म्हणजे टेबल आणि त्याच्यामध्ये. तिथं कोणी बसलं असावं इतकी गार हवा. त्याने मान वळवली. पण डोळे पडद्यावरून हलेनात.

प्रति, मा. कार्यालय प्रमुख.

विषय : कार्यमुक्त करणेबाबत.

महोदय, मी दि. ११ ऑक्टोबर २००३ पासून सलग कामावर आहे. रजा घेतलेली नाही. माझ्या जागेवर माझी मुलगी येणार असल्याचे समजते. तरी मला कार्यमुक्त करण्यात यावे, ही विनंती. कोणीही मला घरी जा असे सांगितलेले नाही.

थांबलं.

मग शेवटच्या ओळीतलं एकेक अक्षर मागून पुढे खोडलं गेलं. शोभत नाही, असं वाटलं असावं. प्रिंटर खरखरला...

सकाळी सहाला बंडूजीला हेमराज व्हरांड्यात दिसला. उकिडवा, भिंतीला टेकलेला. हातात तो कागद. बंडूजीने तो घ्यायला हात पुढे केला तेव्हा दिसलं, खाली सही होती. निळ्या शाईची, लफ्फेदार, नानाजींची. हेमराजचा अंगठा तिच्यावर पडला होता आणि निळा झाला होता. काचेच्या खोलीत शाईचं पेन नव्हतं. नानाजी गेल्यापासून कोणी शाईचं पेन वापरतच नव्हतं.

दहा वाजता आकांक्षा आली. हेमराजने तिला सगळं सांगितलं, कागद दाखवला. तिने सही पाहिली.

"बाबाचीच हाय," ती म्हणाली. "याची झेरॉक्स भेटन का?"

झेरॉक्स मिळाली नाही. कागद सोमवारी टपालात आला. सही असलेला कागद टेबलावर आला की त्याला आवक क्रमांक पडतो, तसा पडला. पाडव्याला केलेला अर्ज कोणी केला, हे पाहणं आवक लिपिकाचं काम नाही. अर्ज शाखेत गेला. शाखेने नमुना सहीशी सही ताडून पाहिली. जुळली. प्रकरण वर गेलं. त्यावर शेरा पडला : "अर्जदाराने समक्ष उपस्थित राहून खात्री पटवावी." आणि आकांक्षाच्या फायलीवर : "मूळ कर्मचाऱ्याचा दि. २१ मार्च २००४ चा अर्ज विचाराधीन असल्याने, तूर्त मृत समजता येत नाही."

३१ मार्च गेला. दोन्ही जागा भरल्या. हेमराजचं कंत्राट जूनमध्ये संपलं आणि त्याने नवं मागितलं नाही. मशीन चालू आहे. नवं कार्ड उत्तम काम देतं.

गच्चीवर रूपराव थांबले. खाली गल्लीत कोणाचा तरी जनरेटर धडधडत होता.

"आबाजी," आचल म्हणाली, "तो शेरा कोणं लिवला होता?"

रूपरावांनी अडकित्ता मिटला. मग म्हणाले, "नियमाप्रमाणं हेडक्लार्क लिवते."

"म्हंजे..."

"दुसरं काय लिवता आलं असतं, सांग ना. मी पाच वर्षं इचार करून राह्यलो." त्यांनी सुपारी बाजूला ठेवली. "ती पोरगी आता हिंगणघाटच्या जिनिंगमदे हाजिरी लिवते. मी यंदा रिटायर झालो त्या दिवशी शेवटची फाइल त्या अर्जाचीच काढली. सही समोरच्या कोऱ्या कागदावर उमटली होती. तो कागद बदलला. चार्ज देऊन घरी निघालो, फाटकापर्यंत गेलतो, परत आलो, पाह्यली. नव्या कागदावर बी उमटली होती."

"पाच वर्षांनी?" धीरजने विचारलं.

"शाई वाळून नाई राह्यली."

मग ते उठले, चटई गुंडाळली, आणि टिपणी संपवावी तशा सपाट आवाजात म्हणाले :

"आवक क्रमांक ११८७, दिनांक २२ मार्च २००४. कार्यवाही : निरंक. अर्ज प्रलंबित."